राजा वेस उघडतो का?

आमच्या वाचनालयात दंड नाही. पुस्तक उशिरा आणा, चहाचा डाग पाडून आणा, मी फक्त भुवया वर करते. पण घेतलेल्या पुस्तकावर अभिप्राय लिहिल्याशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही. दाराशेजारच्या मेजावर लांबट वही ठेवलेली असते. तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचं नाव आणि मत. कमीत कमी दोन ओळी. नुसतं 'छान आहे' चालत नाही. 'छान आहे' लिहिणाऱ्याने पुस्तक उघडलेलंच नसतं, हे मी सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते.

या वहीने मला माणसं आतून दाखवली. दातांचे डॉक्टर प्रेमकथा वाचून ढसाढसा रडतात आणि वहीत 'भाषा सुमार' असं लिहितात. पोस्टातल्या बाईंना प्रत्येक कादंबरीत एक तरी माणूस मेलेला लागतो, नाहीतर त्यांना फसवल्यासारखं वाटतं. शाळेचे मुख्याध्यापक शेवटची दहा पानंच वाचतात. एकदा पकडलं, तर म्हणाले, "वेळ वाचतो हो!" शेवट मी कुणालाही सांगत नाही, हा माझा दुसरा नियम. एका रहस्यकथेतला खुनी मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलेला नाही, आणि ती अजून त्यावरून टोमणे मारते. लोक माझ्या माघारी मला वहीबाई म्हणतात. म्हणू देत.

शिंपीमास्तर मात्र या वहीत कधी आले नव्हते. त्यांचं दुकान वाचनालयाच्या समोरच, मागच्या खोलीत घर. रस्ता ओलांडायला वीस पावलं पुरतात, पण इतक्या वर्षांत त्यांनी आमची पायरी चढल्याचं मला आठवत नव्हतं. मग एका मंगळवारी मी दार उघडते न उघडते तोच ते आत आले. गळ्यात टेप तसाच. निळ्या अस्तराच्या कापडात बांधलेलं काहीतरी त्यांनी माझ्यापुढे ठेवलं.

"हे तुमचं."

मी गाठ सोडली. 'सात वेशींचं राज्य', भाग दुसरा. मला नोंदवही बघायची गरज नव्हती. वर्षाच्या वर थकलेलं पुस्तक माझ्याकडे एकच होतं. सभासद क्रमांक दोनशे चौदा, एकोणीस वर्षं.

दोनशे चौदा म्हणजे मास्तरांचा मुलगा. अंगाने इतका बारीक की बाप त्याला काडी म्हणायचा, आणि मग सगळा रस्ताच म्हणायला लागला. विसाव्या वर्षी बापाशी भांडून घर सोडून गेला, तो गेलाच.

"कुठे सापडलं?" मी विचारलं.

"हिच्या कपाटात. तळाशी." ही म्हणजे त्यांची बायको. चार महिन्यांपूर्वी गेली. "हिला वाचायचा कंटाळा. मग जपून ठेवलं कशाला, तेच कळेना."

मला कळलं. पुस्तक परत गेलं की पोराचं या रस्त्यावर काही राहिलं नाही. पुस्तक घरात आहे तोवर तो कधीतरी मागायला येईल, असा त्या माउलीचा हिशोब असणार.

"याच्या पुढचा द्या," मास्तर म्हणाले.

"पहिला वाचलाय?"

"नाही."

"हा?"

"नाही हो! मापांच्या वहीखेरीज मी आयुष्यात काही वाचलेलं नाही."

"मग एकदम तिसरा घेऊन काय करणार?"

ते टेपाच्या टोकाशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, "जाताना तो मला म्हणाला होता, बाबा, तुम्ही अगदी त्या राजासारखे आहात. कुठला राजा, ते मी विचारलं नाही. म्हटलं, राजाच म्हणतोय ना, मग बरंच असेल. परवा हे पुस्तक हातात आलं, चाळलं, तर त्यात राजा. तो मला काय म्हणून गेला, तेवढं मला बघायचंय."

"मग पहिल्यापासून वाचावं लागेल. पहिला, दुसरा, तिसरा. आणि प्रत्येकाला अभिप्राय."

"बाई, मी एकाहत्तर वर्षांचा आहे. एकेक भाग सहाशे पानांचा. तुमचा नियम टिकेल, मी टिकेन का?"

"म्हणून तर म्हणते, आजच सुरू करा."

मी कपाटातून जुनी वही काढली आणि काडीने पहिल्या भागावर लिहिलेलं त्यांच्यापुढे धरलं. तिरपं, घाईचं अक्षर. 'राजा एक नंबर. बोलत नाही, पण पोराच्या अंगरख्याचं तुटलेलं बटण स्वतः बसून लावतो. दुसरा भाग आजच पाहिजे.'

मास्तरांनी त्या ओळींवरून बोट फिरवलं, कापडाचा पोत बघतात तसं. बटणापाशी बोट थांबलं. मग सभासदाचा अर्ज भरून, पहिला भाग काखोटीला मारून ते गेले.

मी त्यांना सगळंच दाखवलं नव्हतं. माझ्या पत्रांच्या फायलीत काडीने घर सोडल्यावर पाठवलेलं एक कार्ड होतं. ते काढायचं, तर त्याला मी दिलेलं उत्तरही काढावं लागलं असतं.

तीन आठवडे रस्त्याला शिवून मिळालं नाही. मुख्याध्यापकांची पँट अडकली, कारण राजाचं सैन्य दलदलीत अडकलं होतं. चौकशीला गेलं की मास्तर पुस्तकावरून डोकं न उचलता म्हणायचे, "गुरुवारी." कुठला गुरुवार, ते विचारायची सोय नव्हती. चौथ्या आठवड्यात ते आले आणि मेजावर ओणवे होऊन त्यांनी आयुष्यातला पहिला अभिप्राय लिहिला.

'घोडे चार दिवस पळतात, त्यांना कुणी चारा घालत नाही. राजकन्या तलवार चालवते, पण तिच्या बाह्यांचं जे वर्णन आहे, तशा बेतल्या तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. काखेत सैल ठेवायला पाहिजे होतं. नकाशा उत्तम. माणसं फार. कोण मेलं ते लक्षात राहत नाही, म्हणून वाईट वाटत नाही. राजा बरा आहे.'

दातांच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. "हा कोण नवा समीक्षक? याला माझी पुस्तकं देऊ नका." पोस्टातल्या बाई तर बाह्यांचं वाचून तिथेच खुर्चीत बसून हसल्या. मास्तरांच्या कानावर हे गेलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी टेप जरा ऐटीत टाकलेला दिसला. मला बरं वाटलं. फाईल मी कपाटात आणखी मागे सरकवली.

दुसऱ्या भागात विनोदाला जागा नव्हती. मला तो पाठ आहे. राजाच्या मुलाला गादी नको असते, त्याला पूल बांधणाऱ्यांबरोबर जायचं असतं. राजा म्हणतो, गेलास तर वेस बंद. मुलगा जातो. एका हिवाळ्यात परत येतो, वेशीवर थाप मारतो, आणि वेस उघडत नाही. राजाला ऐकू गेलं की नाही, हे लेखक सांगत नाही. भाग तिथेच संपतो.

मास्तर भर दुपारी आले. दुकानाला कुलूप लावून आले होते, असं ते कधी करत नसत. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. पुस्तक ठेवलं आणि वहीकडे न जाता माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"मला वाटलं होतं, शूर म्हणून राजा म्हणाला असेल."

"पाणी देऊ?"

"नको. बाई, तो गेल्यावर आठ महिन्यांनी परत आला होता."

मी हातातलं काम खाली ठेवलं. हे रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

"ही बाजारात गेली होती. अशीच दुपार. दाराला आतून कडी. त्याचं वाजवणं मी झोपेतही ओळखेन, दोनदा जोरात, एकदा हळू. मी मशीनवर होतो. म्हटलं, गेला होता ना तोऱ्यात, आता वाजव. मी पाय थांबवला नाही. उलट जोरात मारला, नुसता खडखडाट. तीनदा वाजवलं त्याने." त्यांनी आपल्या उजव्या पावलाकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं. "दोरा कधीच संपला होता. सुई नुसती कापडाला भोकं पाडत होती. ते कळत होतं मला. म्हटलं, चौथ्यांदा वाजवलं की उठू."

"मग?"

"चौथ्यांदा वाजवलंच नाही."

मग म्हणाले, "हिला मी हे कधी सांगितलं नाही. ती त्या दिवशी बाजारातून आली आणि म्हणाली, अहो, त्या शर्टाची चाळण का केलीत?"

वहीत त्यांनी दोनच ओळी लिहिल्या. 'या भागात शेवटचं पानच खरं आहे. बाकी सगळं नसतं तरी चाललं असतं.' मी तिसरा भाग दिला. कार्डावरची तारीख मला आठवत होती. त्या दुपारनंतर दोन महिन्यांची होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मी स्वतःला समजावलं, आधी त्यांचं वाचून होऊ दे, मध्येच सांगितलं तर शेवट फुटेल. नियमाच्या मागे लपायला किती सोयीचं असतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नसेल.

तिसरा भाग त्यांनी नऊ दिवसांत संपवला. आले ते रागातच.

"उघडतो की हो वेस!"

"हो."

"पान चारशे दोन. स्वतःच्या हाताने अडसर काढतो. आणि पोरगा बाहेर तिथेच बसलेला! अकरा वर्षं! कोण बसतं अकरा वर्षं? खातो काय, राहतो कुठे? त्या घोड्यांसारखंच झालं हे!" त्यांनी पुस्तक माझ्याकडे ढकललं. "तुमच्या लेखकाला राजाची दया आली. दया आली की शिवण वाकडी जाते."

ते वहीकडे वळले. मी म्हटलं, "मास्तर, थांबा. लिहायच्या आधी हे बघा." आणि फाईल उघडली.

कार्ड त्यांनी हात लांब करून वाचलं. मला ते वाचायची गरज नव्हती. 'बाई, दुसरा भाग वाचून झाला, पण परत करता येत नाही, तो घरी राहिला. म्हणून तिसरा मिळणार नाही, हे कळतं. एवढंच कळवा, राजा वेस उघडतो का? उघडत असेल तर मी सुट्टी काढून येईन आणि उरलेलं तिथेच वाचीन. – दोनशे चौदा.' खाली एका बंदरावरच्या खाणावळीचा पत्ता.

"आणि तुम्ही काय कळवलंत?"

मी प्रत्येक पत्राची नक्कल ठेवते. ती पुढे केली. 'नियमानुसार पुस्तकाचा शेवट सांगता येत नाही. दुसरा भाग आपल्याकडून येणे आहे. तो परत करून अभिप्राय लिहावा, म्हणजे तिसरा भाग मिळेल.'

"मला वाटलं, पोरगं लाडीगोडी लावून शेवट काढून घेतंय," मी म्हणाले. "तो परत येऊन गेला होता, हे मला माहीत नव्हतं मास्तर. पुस्तक घरी राहिलं म्हणाला, तरी घरी का जाता येत नाही, असं माझ्या मनातही आलं नाही."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक नीट ठेवले, कडेला कड जुळवून.

"तुम्ही नियमाने वागलात," ते म्हणाले.

"हो."

"मीही."

मग त्यांनी कोरं कार्ड मागितलं. माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने लिहिलं. पत्ता लिहायला जितका वेळ लागला, तितकाही मजकुराला लागला नाही. 'उघडतो. पान चारशे दोन. – बाबा.' खाली दुकानाचा पत्ता घातला आणि टाकायला स्वतःच गेले. तिसऱ्या भागाचा अभिप्राय राहून गेला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याची आठवण करून दिली नाही.

त्यानंतर माझ्या खिडकीतून एक गोष्ट रोज दिसायची. समोरच्या दाराची कडी आता लावलेली नसे. दार सताड उघडं, धूळ आत जाऊन पांढऱ्या कापडावर बसायची, आणि मास्तर ती झटकत राहायचे. रस्त्याच्या टोकाला पोस्टमन दिसला की मशीन थांबायचं. तो पुढे गेला की पुन्हा सुरू व्हायचं, जरा सावकाश. मीही त्या वेळेला खिडकीशी काहीतरी पुसत असायची. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

सातव्या आठवड्यात ते जाडसर पाकीट घेऊन आले. फोडलेलं होतं. आधी त्यांनी त्यातून एक कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. पिवळं पडलेलं, घडीवर झिजलेलं, माझ्या अक्षरातलं. 'नियमानुसार पुस्तकाचा शेवट सांगता येत नाही.'

"जपून ठेवलं होतं त्याने," मास्तर म्हणाले. "अक्षर छान आहे हो तुमचं."

हे ते चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मग पत्र दिलं. "मोठ्याने वाचा. मी एकट्याने दोनदा वाचलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय."

पत्र खाणावळवाल्या मावशींचं होतं. मी वाचलं.

'मास्तरांना नमस्कार. तुमचं कार्ड मिळालं. कसं लिहू कळत नाही. तुमचा काडी माझ्याकडे अकरा वर्षं जेवायला होता. सात वर्षांपूर्वीच्या थंडीत छातीचं दुखणं झालं आणि पाच दिवसांत गेला. घरचा पत्ता त्याने कधी दिला नाही, म्हणून कळवता आलं नाही. सोबतचं कार्ड त्याच्या पेटीत होतं, पण त्यावरचा गावाचा शिक्का पुसून गेला होता. वाचनालयाचं म्हणून मी ठेवलं.

'पोरगा गुणी होता. जेवणं झाली की सगळ्यांना सात वेशींची गोष्ट सांगायचा. तिसरा भाग मला मिळाला नाही म्हणायचा, म्हणून तो त्याने स्वतःच रचला होता. आमच्याकडचे गडी तो भाग पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. त्यात राजा वाईट नसतो. आत लोहारशाळा चालू असते, घणांच्या आवाजात त्याला थाप ऐकूच जात नाही. एक गडी नेहमी विचारायचा, मग पोराने आणखी एकदा का नाही वाजवलं? तर काडी म्हणायचा, अरे, काम करणाऱ्या माणसाला किती वेळा उठवायचं?

'तुम्ही लिहिलंत की राजा उघडतो. ते मी त्या सगळ्यांना वाचून दाखवलं.'

शेवटच्या दोन ओळी मला चष्मा पुसून वाचाव्या लागल्या. मास्तर मात्र कोरडे बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि उजवं पाऊल जमिनीवर घट्ट दाबून धरलेलं.

"माझा तिसऱ्या भागाचा अभिप्राय राहिलाय," ते म्हणाले.

"राहू दे मास्तर. त्याची काही गरज नाही."

"नियम आहे."

ते वहीपाशी गेले. तारीख घातली. सभासद क्रमांकाच्या रकान्यात स्वतःचा क्रमांक लिहिला, पुस्तकाच्या रकान्यात 'सात वेशींचं राज्य, भाग तिसरा', आणि मग मान वर करून विचारलं, "छापलेला नाही, काडीचा, हे कुठे लिहू?"

"जिथे मावेल तिथे."

त्यांनी ते क्रमांकाशेजारी बारीक अक्षरात बसवलं. पुढचं लिहायला त्यांना बराच वेळ लागला. झाल्यावर पेनाला टोपण घातलं, टेप गळ्यात सारखा केला आणि रस्ता ओलांडून गेले. दार उघडंच होतं. ते आत जाऊन मशीनवर बसलेले मला दिसले, पण आवाज आला नाही.

वाचनालय बंद करण्याआधी मी रोज दिवसभराच्या अभिप्रायांखाली सही करते. 'वाचले' असं लिहून. त्या एकाखाली अजून केलेली नाही. तो असा आहे:

'छापलेल्यापेक्षा पुष्कळ चांगला. लेखकाने राजाला जितकं सांभाळून घेतलंय, तितकी त्याची लायकी नव्हती. एकच चूक आहे. राजाला ऐकू गेलं होतं.'